सेनापतीची दया
(नभोवाणीवरील भाषण)



दोन महिन्यांपूर्वीं माझा एक भाचा मला भेटावयास आला होता. एका मोठ्या कारखान्याच्या कचेरींत तो वरच्या जागेवर आहे आणि त्याच्या हाताखालीं दीडदोनशें माणसें काम करतात. चहा होतांच त्यानें पिशवींतून एक इंग्रजी पुस्तक काढून माझ्यापुढें ठेवलें. प्राचीन चिनी युद्धशास्त्र आजच्या व्यवहारांत कसें उपयोगीं पडतें, हें त्यांत कारखानदार आणि अधिकारी यांच्याकरितां सांगितलें होतें. अशीं पुस्तकें अलीकडे पुष्कळ निघतात आणि खपतातहि. त्यांतली एक गोष्ट भाच्याला विशेष आवडली होती, ती त्यानें मला वाचून दाखविली.

वू ची नांवाचा एक सेनापति होता. सैन्यांतल्या अगदीं खालच्या शिपायासारखेच कपडे तो घाली आणि त्याच्यासारखेंच अन्न खाई. निजावयास तो चटई अंथरीत नसे. कूच करतांना घोड्यावर किंवा रथांत बसत नसे. आपल्या वांट्याचें धान्य तो स्वतःच वाहून नेई. एकदां एका शिपायाला गळूं झालें, तेव्हां या सेनापतीनें त्या गळवाला तोंड लावून आंतला पू ओढून काढला. इतकें वाचून भाच्यानें पुस्तक मिटलें आणि तो म्हणाला, "मामा, पुढारीपण म्हणतात तें हें!"

मीं विचारलें, "आणि त्या शिपायाची आई?"

"कोणती आई?" तो म्हणाला.

त्याच्या पुस्तकांत आई नव्हतीच. पुस्तक लिहिणारानें ती गाळून टाकली होती. आज आपल्याशीं मी जें बोलणार आहे, तें बहुतेक त्या गाळलेल्या आईविषयींच आहे.

ही गोष्ट मूळची चिनी इतिहासकार सु-मा छ्येन याच्या ग्रंथांतली. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या आरंभीं त्यानें तो ग्रंथ पुरा केला. त्याच्या ग्रंथांत ती गळवापाशीं थांबत नाहीं. सेनापतीनें काय केलें ही वार्ता त्या शिपायाच्या आईच्या कानीं गेली आणि ती रडूं लागली. ऐकणारांना नवल वाटलें. मुलगा साधा शिपाई, आणि खुद्द सेनापतीनें त्याची अशी सेवा केलेली. मग या बाईनें रडावें कां? तेव्हां तिनें जें उत्तर दिलें त्याचा मतलब असा कीं, मागच्या सालीं याच सेनापतीनें माझ्या नवऱ्याचें गळूंहि असेंच चोखलें होतें. मग तो रणांत एक पाऊल मागें न घेतां लढला आणि मेला. आतां मुलाची पाळी आली आहे. तो कोठें मरून पडेल एवढेंच मला ठाऊक नाहीं.

त्या बाईनें सेनापतीला ढोंगी म्हटलें नाहीं, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते. ढोंगी म्हणावें तरी कसें? गळूं खरेंच बरें झालें. ठणका खरेंच थांबला. पू ओढतांना सेनापतीच्या तोंडाला जी चव आली असेल तींत कांहीं खोटें नव्हतें. त्या दयेच्या बदल्यांत कोणतें देणें अंगावर येतें, तें तिनें एकदां फेडलें होतें, म्हणून तें तिला दिसलें. आजूबाजूच्यांना दिसलें नाहीं.

आतां असें म्हणतां येईल कीं, सेनापतीचें कामच तें. त्याला सैन्य लढवावयाचें असतें. शिपाई मनापासून लढले तर राज्य वांचतें आणि राज्य वांचलें तर हजारों आया वांचतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. म्हणून या विषयावर चिनी युद्धशास्त्राचा आद्य ग्रंथ काय म्हणतो, तें आधीं पाहूं.

सुन त्झू याच्या नांवावर चालणारा हा तेरा प्रकरणांचा ग्रंथ अगदींच लहान आहे. एका संध्याकाळीं वाचून होण्याजोगा. युरोपांत तो प्रथम 1772 सालीं पॅरिस येथें आमियो नांवाच्या एका पाद्र्याच्या फ्रेंच भाषांतरानें पोंचला. लायोनेल जाइल्स यांचें प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर 1910 चें. पुढें 1972 सालीं चीनच्या शांतुंग प्रांतांत यिन-छ्वे-शान येथें दोन जुन्या कबरी उकरल्या गेल्या. त्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली या ग्रंथाची दोन हजार वर्षांपूर्वींची प्रत मिळाली. त्याच घराण्यांतल्या सुन पिन याचा शतकानुशतकें हरवलेला ग्रंथहि तिच्याबरोबरच हातीं आला. तेव्हां ग्रंथाच्या प्राचीनतेविषयीं आपण निर्धास्त असावें. कर्ता एक कीं अनेक, हा वाद पंडितांना करूं द्यावा.

पहिल्याच प्रकरणांत सुन त्झू सेनापतीचे पांच गुण सांगतो: शहाणपण, विश्वासूपणा, दया, धैर्य आणि करडेपणा. दयेसाठीं जो चिनी शब्द त्यानें योजला आहे, त्याचें अक्षर "मनुष्य" आणि "दोन" या दोन खुणा जोडून होतें. कन्फ्यूशियसनें ज्या गुणाला सर्वांत वरचें स्थान दिलें, तोच हा शब्द. लढाईच्या ग्रंथांत तो पाहून नवशिक्या वाचकाला धक्का बसतो. त्याहून मोठा धक्का आठव्या प्रकरणांत बसतो, कारण तेथें सेनापतीचा घात करणारे पांच दोष मोजले आहेत आणि पांचवा दोष कोणता, तर लोकांवरील प्रेम! ज्याला आपलीं माणसें अतोनात प्रिय, त्याला शत्रु सहज सतावूं शकतो, असें तो म्हणतो. दहाव्या प्रकरणांत पुन्हां पारडें फिरतें. शिपायांना तान्ह्या मुलांप्रमाणें वागवा, ते तुमच्या मागोमाग खोल दरींत उतरतील, असें सांगून तो लगेच बजावतो कीं, नुसती माया केलीत आणि हुकूम चालविला नाहींत, तर तींच मुलें लाडावलेल्या पोरांसारखीं कुचकामाचीं ठरतील.

भाच्याच्या पुस्तकानें यांतून काढलेलें सार असें होतें: हाताखालच्यांशीं गोड वागा, पण शिस्त सोडूं नका. तें खोटें नाहीं, पण एवढ्यासाठीं चीनपर्यंत जावयाचें कारण नव्हतें. आपल्या प्रत्येक शाळेंतला जुना पंतोजी तें जाणत होता.

मला स्वतःला सुन त्झूची दया कळली ती त्याच्या शेवटच्या प्रकरणांत, आणि तें प्रकरण चक्क हेरांविषयीं आहे. तेथें तो हिशेब मांडतो. एक लाखाचें सैन्य दूर चालून गेलें कीं दररोज हजार सुवर्णनाणीं खर्च होतात. मुलूखभर गडबड उडते, वाटावाटांवर माणसें थकून पडतात आणि सात लक्ष कुटुंबांचें शेतीचें काम बंद पडतें. अशीं वर्षानुवर्षें दोन सैन्यें एकमेकांसमोर तळ देऊन बसतात आणि निकाल लागतो एका दिवसांत. असें असतां जो सेनापति हेरांना इनाम देण्याची कंजूषी करतो आणि त्यामुळें शत्रूच्या स्थितीविषयीं अज्ञानांत राहतो, त्याला सुन त्झू काय म्हणतो? मूर्ख म्हणत नाहीं. निर्दय म्हणतो, निर्दयपणाची परमावधि म्हणतो. आणि येथें तो तोच शब्द वापरतो, मनुष्य आणि दोन यांच्या जोडीचा.

शत्रूची खबर न काढणें हा आळस किंवा कंजूषपणा, असें आपण म्हणूं. सुन त्झूच्या मतें ती क्रूरता, कारण त्या आळसाचें बिल सात लक्ष घरांत पोंचतें. सेनापतीनें डोळ्यांत पाणी आणलें कीं नाहीं, हा प्रश्न तो विचारीतच नाहीं. लढाईच्या आधीं जी मेहनत करावयास हवी ती केलीस काय, लढाई टाळतां येण्यासारखी असेल तर टाळलीस काय, एवढेंच तो विचारतो. लढल्यावांचून जिंकणें त्याला सर्वांत श्रेष्ठ वाटतें, तेंहि याच कारणानें. गळूं चोखणारा सेनापति या कसोटीला आपोआप उतरत नाहीं. उतरेलहि कदाचित्, पण गळवावरून तें ठरत नाहीं.

आतां वू चीकडे वळूं. सुन त्झूच्या मानानें हा माणूस इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतो, आणि दिसतो तो फारसा मोहक नाहीं. एका लहान राज्यांतला हा तरुण घरची संपत्ति नोकरीच्या शोधांत उधळून बसला. गांवच्या लोकांनीं त्याची टवाळी केली, तेव्हां त्यानें तीसाहून अधिक माणसें मारलीं. मग आपल्या दंडाला कडकडून चावा घेऊन त्यानें आईपाशीं शपथ घेतली कीं, मंत्री झाल्यावांचून या गांवांत परत येणार नाहीं. पुढें आई वारली; तो गेला नाहीं. लू राज्यांत असतांना त्सी राज्याशीं युद्ध जुंपलें. सेनापतिपद वू चीला द्यावें असें ठरत होतें, पण त्याची बायको त्सी राज्याची असल्यामुळें दरबाराला शंका आली. त्यानें बायकोला ठार मारलें, सेनापतिपद मिळविलें आणि लढाई जिंकली. ही सु-मा छ्येनची हकीकत. हान फेइ नांवाच्या दुसऱ्या ग्रंथकारानें सांगितलेल्या कथेंत बायको मरत नाहीं; तिनें विणलेली फीत सांगितलेल्या मापाची नव्हती, एवढ्यावरून तो तिला घराबाहेर काढतो. कोणती कथा खरी हें आज कोण सांगणार! दोन्हींतला नवरा मात्र एकच वाटतो.

हान फेइचें नांव आलें आहे तर त्याचें म्हणणेंहि ऐकूं. कौटिल्याच्या वाचकांना तें अनोळखी वाटणार नाहीं. तो म्हणतो, शेताचा धनी मजुराला चांगलें जेवूं घालतो आणि चोख मजुरी देतो, तें कांहीं मजुरावरच्या प्रेमानें नव्हे. नांगर खोल जावा म्हणून. मजूरहि मन लावून राबतो, तें धन्यावरच्या प्रेमानें नव्हे. कालवण चांगलें मिळावें म्हणून. दोघांचेंहि भलें होतें. मग प्रेम कशाला मध्यें आणतां? सांगावयास हरकत नाहीं, हा युक्तिवाद मला बराच प्रामाणिक वाटतो. या धन्यानें मजुराला फसविलेलें नाहीं. नांगर केवढा खोल जावयाचा आणि ताटांत काय पडावयाचें, तें दोघांनाहि ठाऊक आहे. वू चीच्या शिपायाला मात्र किंमत कोणीं सांगितली नव्हती. शिवाय मजूर उद्यां दुसऱ्या धन्याकडे जाऊं शकतो. ज्याचें गळूं सेनापतीनें तोंडानें चोखलें, तो कोठें जाईल?

वू चीचा शेवट मात्र सांगितलाच पाहिजे. लू सोडून तो वेई राज्यांत आला आणि तेथें त्यानें मोठा पराक्रम केला. छिन राज्याचीं पांच नगरें घेतलीं. जुना राजा वारल्यावर तरुण राजा एकदां त्याच्यासह नावेंतून नदीनें खालीं चालला होता. दोन्ही तीरांवरचे कडे पाहून राजा खूष झाला आणि हे डोंगर म्हणजेच आपल्या राज्याचें खरें धन, असें म्हणाला. वू चीनें त्याला अडविलें. राज्याचा आधार डोंगर नव्हेत, राजाचें शील. तें नसेल तर या नावेंत बसलेलीं माणसेंसुद्धां उद्यां आपलीं शत्रु होतील, असें त्यानें ऐकविलें. बायकोला मारणाऱ्याच्या तोंडची ही वाणी! तरीहि ती खोटी नव्हती, ही या माणसाची गंमत, किंवा शोकांतिका.

पुढें दरबारी कारस्थानांमुळें तो छू राज्यांत गेला आणि प्रधान झाला. राजाच्या दूरच्या भाऊबंदांचीं वतनें त्यानें कापलीं, निकामी हुद्दे मोडले आणि वांचलेला पैसा सैन्यावर खर्च केला. राज्य बलाढ्य झालें; सरदार दांत ओठ खात राहिले. इ. स. पूर्व 381 मध्यें राजा वारला आणि त्याच दिवसांत सरदारांनीं वू चीवर हल्ला केला. तो धांवत जाऊन राजाच्या प्रेतावर पालथा पडला. बाण त्याला लागले तसे प्रेतालाहि लागले. राजाच्या देहाची विटंबना केली या गुन्ह्याबद्दल नव्या राजानें मागाहून सत्तराहून अधिक घराणीं बुडविलीं. मरतां मरतांहि डाव जिंकावा असा हा मनुष्य! त्याच्यासाठीं कोणी रडलें असें मात्र सु-मा छ्येन लिहीत नाहीं. नावेंत राजाला शील शिकविणाऱ्यानें छूमध्यें करडेपणानें आणि मायेच्या अभावानें स्वतःचा प्राण घालविला, एवढा शेरा मारून तो पुढें जातो.

येथपर्यंत ऐकल्यावर माझा भाचा थोडा चिडला. तो म्हणाला, "म्हणजे हाताखालच्या माणसांवर दया करूंच नये कीं काय? केली तरी तुम्ही म्हणणार, डाव आहे!"

मग मीं त्याला ली क्वांगची हकीकत सांगितली. हा सेनापति पुढच्या काळांतला, हान घराण्याच्या राजवटींतला. उत्तरेकडच्या श्योंग-नू टोळ्यांशीं तो जन्मभर लढला. रुक्ष प्रदेशांत पाणी सांपडलें तर शेवटचा शिपाई पिईपर्यंत तो पाण्याजवळ जात नसे. सगळ्यांचें खाणें झाल्यावांचून घांस घेत नसे. इनाम मिळालें कीं हाताखालच्यांत वांटून टाकी. चाळीसाहून अधिक वर्षें मोठ्या हुद्यावर राहूनहि त्यानें मागें संपत्ति ठेवली नाहीं. बोलणें मात्र त्याला येत नसे. सु-मा छ्येननें त्याला प्रत्यक्ष पाहिलें होतें. दिसावयास खेडवळ आणि बोलावयास अडखळणारा, असें तो लिहितो. इ. स. पूर्व 119 च्या मोहिमेंत ली क्वांगची तुकडी वाट चुकली आणि ठरल्या वेळीं पोंचली नाहीं. चौकशी सुरू झाली. माझ्या अधिकाऱ्यांचा यांत दोष नाहीं, वाट मीच चुकलों, असें त्यानें सांगितलें. आणि साठी उलटल्यावर कारकुनांच्या उलटतपासणीला तोंड देण्यापेक्षां त्यानें स्वतःच्या हातानें गळा चिरला. त्याला ओळखणारे आणि न ओळखणारे, सारे रडले.

पाणी मागाहून पिणें हीहि शिपायांचीं मनें जिंकण्याची युक्तिच, असें कोणी म्हणेल. परंतु हिशेब चुकता करावयाची वेळ आली तेव्हां तो कोणाच्या अंगावर पडला, हें पाहावें. वू चीच्या दयेचें मोल शिपायानें भरलें. ली क्वांगनें स्वतःचें बिल शिपायांकडे पाठविलें नाहीं. तरी पण त्याला देवमाणूस करून बसण्याचें कारण नाहीं. याच ली क्वांगनें एकदां शरण आलेल्या आठशेंहून अधिक माणसांना फसवून एका दिवसांत कापून काढलें होतें. म्हातारपणीं एका ज्योतिष्यापाशीं त्यानें कबूल केलें कीं, ती एकच गोष्ट मनांतून जात नाहीं. आपल्या माणसांवरची माया कुंपणाशीं थांबली तर काय होतें, तें त्याला स्वतःलाच कळलें होतें.

आणि हें सारें लिहून ठेवणारा कोण? ली क्वांगचा नातू ली लिंग इ. स. पूर्व 99 मध्यें पांच हजार पायदळ घेऊन लढला आणि शेवटीं शत्रूच्या स्वाधीन झाला. सारा दरबार त्याच्यावर उलटला तेव्हां एकटा सु-मा छ्येन त्याच्या बाजूनें बोलला. सम्राटानें त्याला पुरुषत्व नष्ट करण्याची शिक्षा दिली. मरण पत्करणें त्या काळीं अधिक अब्रूचें होतें. पण ग्रंथ अपुरा होता म्हणून तो जगला. ज्यानें दुसऱ्यासाठीं शब्द टाकण्याची किंमत स्वतःच्या देहानें भरली, त्याच्याच ग्रंथांत एका साध्या शिपायाची आई रडतांना दिसते, हें मला विसरतां येत नाहीं.

माझ्या वांट्याचीं मिनिटें संपत आलीं आहेत. एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. ती चीनमधली नाहीं.

मी पुष्कळ वर्षें एका शाळेचा मुख्याध्यापक होतों. गणित शिकविणारे एक तरुण शिक्षक आमच्याकडे होते. त्यांची पत्नी विषमज्वरानें आजारी पडली, तेव्हां मी दोन रात्रीं रुग्णालयांत बसलों आणि औषधांचे पैसे भरले. मनांत कसलाहि हेतु नव्हता, हें मी आजहि शपथेवर सांगेन. दीड वर्षानें त्यांना परगांवच्या एका महाविद्यालयांत जवळजवळ दुप्पट पगाराची जागा मिळाली. तें पत्र खिशांत घालून ते एका संध्याकाळीं माझ्या घरीं आले. पत्राची वार्ता मला आधींच दुसऱ्याकडून कळली होती. मीं चहा मागविला आणि विचारलें, "सौभाग्यवतींची प्रकृति आतां कशी आहे?"

पत्र खिशांतून बाहेर आलें नाहीं. ते आमच्या शाळेंतच राहिले, निवृत्त होईपर्यंत. आमचे गणिताचे निकाल फार चांगले लागत. त्यांच्या निरोपसमारंभांत अनेकांनीं माझ्या त्या दोन रात्रींची आठवण काढली आणि टाळ्या झाल्या. त्यांच्या पत्नी समोरच्या रांगेंत बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनीं मला वांकून नमस्कार केला. बोलल्या मात्र कांहीं नाहींत.

भाच्याला मीं हें सांगितलें नव्हतें. तो ऐकत असेल तर आज त्याला कळेल. जातांना तो आपलें पुस्तक माझ्याकडेच विसरून गेला. तें परत पाठवितांना मीं सु-मा छ्येनच्या ग्रंथाचें माझ्याजवळचें भाषांतर त्याच्यासोबत दिलें आहे, आणि आईचें पान दुमडून ठेवलें आहे.